खुंटीवरचा पाय

गेल्या आषाढात गोव्याहून चोर्ला घाटानं परत येत होतो. कणकुंबी ओलांडून जांबोटीकडं येताना वाटेवरच्या एका गावात गाडी वळवली. तिथं माझ्या एक पेशंट राहतात. मी त्यांना मावशी म्हणतो. आदल्या वर्षी भाताच्या खाचरात घोणस चावली आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांना पाय मीच बसवला होता. इतक्या जवळ आलोय तर बघून जाऊ, चालताहेत कशा, एवढाच विचार होता.

सोप्यात शिरलो आणि पहिल्यांदा दिसला तो पाय. खुंटीवर घोंगडं होतं आणि त्याच्या शेजारी मी बसवलेला पाय टांगलेला होता. त्याच्यावर बेळगावच्या गणपत गल्लीतल्या साडीच्या दुकानाच्या दोन पिशव्या, एकीवर एक, तोंडाशी सुतळीनं घट्ट बांधलेल्या. पावसाचा एक थेंब आत जाणार नाही अशी व्यवस्था केलेली. सून म्हणाली, "अत्ती शेतात हाईत, भाताची लागण चाललीया."

बांधावर गेलो. मावशी चिखलात होत्या. कापलेल्या पायाला पोत्याचं फडकं गुंडाळून, त्या गुडघ्यावर सरकत सरकत त्या रोपं लावत होत्या. दुसरा पाय मागं ओढत आणायच्या, पुन्हा सरकायच्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचं इरलं सारखं केलं आणि हसल्या.

"डॉक्टर, तुमी? सांगून यायचं न्हाई व्हय?"

"मावशी, पाय का घातला नाही?"

"चिखलात? येवडा म्हाग पाय? लग्नाकार्याला घालतो की मी. बेळगावला येताना घालतो."

आमच्या भागात बायकाही 'घालतो', 'जातो' असंच बोलतात. बोलणं नेहमीचं होतं, पण मला त्यांच्याकडं बघवेना. कारण त्या वेळी बेळगावात माझ्या दवाखान्याच्या दारावर सहा फुटी बॅनर लागलेला होता आणि त्यावर ह्याच मावशी होत्या. नऊवारी नेसलेल्या, हातात विळा, मागं त्यांचंच शेत. खाली मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेलं: 'आता शेतही माझं, वाटही माझी.' त्याखाली कृत्रिम पावलं करणाऱ्या कंपनीचं नाव, आणि कंपनीच्या नावाखाली माझं.

तो फोटो माघातला. शेत वाळलेलं होतं, बांध कडक होता. पायात कॅनव्हासचे बूट होते आणि ते फोटोपुरते मीच विकत आणले होते. मावशींनी आयुष्यात बूट घातला तो त्या दिवशी. फोटोच्या परवानगीचा कागद इंग्रजीत होता. त्यांनी अंगठा उठवला आणि साक्षीदार म्हणून सही मी केली.

हे सगळं लिहून ठेवायला मला वर्ष लागलं.

मी कृत्रिम पाय बसवणारा माणूस आहे. मुंबईला हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत शिकलो आणि बेळगावला परत आलो, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. माझे बाबा बेळगावातच उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. कास्टिंग ओतायच्या आधी वाळूत साचा उठवावा लागतो आणि त्यासाठी लाकडाचा नमुना लागतो. तो नमुना बाबा करायचे. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना किती मोठा ठेवायचा हे त्यांच्या बोटांना ठाऊक असायचं. मोटारीवर नाव मोटार कंपनीचं, कास्टिंगवर फाउंड्रीचं. नमुना करणाऱ्याचं नाव कुठंच नाही. बाबा म्हणायचे, "पॅटर्न चुकला की लोखंडाला बोल लावून उपयोग नाही."

माझं काम त्यांच्या कामापेक्षा फार वेगळं नाही. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाला आम्ही स्टंप म्हणतो. त्याचं माप प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून घ्यायचं. त्या पोकळ कवचात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिमा काढायची. मग ती कानशीनं, जाळीच्या कागदानं घासायची. खरी कसोटी इथं असते. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध वजन सोसतो, तिथं प्लास्टर खोलवर काढायचं. नडगीची धार आणि बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाचं डोकं वजन सोसत नाही, तिथं उलट भर घालायची. दोन मिलिमीटर इकडं तिकडं झालं की आठ दिवसांत जखम. त्या प्रतिमेवर सॉकेट बनतं, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती वाटी. खाली पाइप, जोड, आणि सगळ्यात शेवटी पाऊल. मग माणसाला उभं करून, चालवून बघून, जोडाचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत सगळं ओळीत आणायचं. पेशंट तीनदा येतो, चारदा येतो. पहिल्या वर्षात स्टंप आकसत जातो, म्हणून सॉकेट ढिलं होतं आणि पुष्कळदा नवंच करावं लागतं.

आता बिलाकडं या. मी वर्षानुवर्षं जे बिल देत आलो त्यावर काय असायचं? पाऊल, ॲडॅप्टर म्हणजे जोड, पाइप, लायनर म्हणजे स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर. प्रत्येकापुढं किंमत. माप, घासणं, चालवून बघणं, पुन्हा पुन्हा येणं, ह्याची ओळच नव्हती. माझी मजुरी त्या सुट्या भागांच्या किमतीत मिसळलेली होती. माझ्या ओळखीच्या बऱ्याच दवाखान्यांत असंच चालतं. लोक वस्तूचे पैसे देतात, हाताचे देत नाहीत, असं आम्हीच ठरवून टाकलं आणि मग त्याप्रमाणं धंदा मांडला.

ह्यातून काय होतं ते मला फार उशिरा दिसलं. एका स्टंपला सॉकेट करायला मला जेवढे तास लागतात, तेवढेच लागतात. खाली साधं रबरी पाऊल लावलं तरी, कार्बन फायबरचं लावलं तरी. पण कार्बनच्या पावलाची किंमत कितीतरी पट असते, म्हणून त्याच कामाचे मला कितीतरी पट पैसे मिळतात. कोणी लाच देत नाही, कोणी कानात काही सांगत नाही, तरी मन एका बाजूला कलतं. पेशंट दारातून आत येताना त्याच्या चपला, कपडे, सोबत कोण आलंय हे बघून मनात एक पाऊल आधीच निवडलेलं असतं. आणि त्याला आपण अनुभव म्हणतो.

कंपनीचा प्रस्ताव आला तो अशा कललेल्या मनावर. वितरकाचा माणूस चांगला मुलगा. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही अस्खलित. त्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही, सगळं कागदावर होतं. वर्षाला त्यांची चाळीस पावलं घेतली तर मोठी सूट. दवाखान्यावर 'भागीदार केंद्र' अशी पाटी. परदेशी प्रशिक्षणाला पाठवणार. शिबिरात काही गरजू पेशंटना पाऊल मोफत देणार. बदल्यात फोटो, चार शब्द, आणि दुसऱ्या कंपन्यांची पावलं काचेच्या कपाटातून आत ठेवायची. मी दोन दिवस विचार केला, असं स्वतःला सांगत होतो. खरं तर मोफत पावलांचं वाचलं त्याच क्षणी ठरलं होतं. गरिबाला महागडं पाऊल मिळतंय, मग ह्यात वाईट काय?

मावशी त्या गरजूंमधल्या पहिल्या.

कार्बनचं पाऊल वाईट नसतं, हे आधी सांगतो. टाचेवर वजन पडलं की ते दाबलं जातं आणि पुढं टाकताना ती शक्ती परत देतं. उद्यमबागला आठ तास उभं राहून लेथ चालवणाऱ्या, रोज बसस्टँडपर्यंत चालत जाणाऱ्या तरुणाला त्याचा जो आनंद होतो तो मी डोळ्यांनी पाहिलाय. पण ते पाऊल बुटासाठी केलेलं असतं. टाचेला बुटाची ठरावीक उंची धरून आम्ही सगळी मांडणी करतो. अनवाणी चाललं की टाच खाली जाते, नडगी मागं कलते आणि गुडघा मागं ढकलला जातो. वरच्या रबरी कव्हरात चिखल शिरला की आत वाळूसारखा घासत राहतो. जोडाचे स्क्रू गंजतात. आणि उकिडवं बसताना घोटा जेवढा वाकायला हवा तेवढा त्यात वाकत नाही. मावशी अनवाणी चालतात, चुलीपुढं उकिडव्या बसतात, चार महिने चिखलात असतात. हे मला माहीत नव्हतं काय? मी ह्याच मातीतला. माहीत होतं. पण कंपनीच्या फॉर्मवर पेशंटची चालण्याची पातळी लिहायची असते. मेडिकेअर ह्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विमा योजनेनं ठरवलेली के-शून्य ते के-चार अशी मापपट्टी. बाहेर मोकळेपणानं, वेग बदलत चालू शकणारा माणूस के-तीन. मावशी के-तीनमध्ये चपखल बसल्या. त्या पट्टीत चूल नाही, खाचर नाही. मीही ते वेगळं विचारलं नाही.

जयपूर फूट नेमकं ह्याच कारणासाठी जन्माला आलं होतं. 1968 साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी ते घडवलं. शर्मा कारागीर होते, लोक त्यांना मास्तरजी म्हणायचे. रबर आणि लाकूड एकत्र करून केलेलं, खऱ्या पावलासारखं दिसणारं, बुटाशिवाय चालणारं, उकिडवं बसू देणारं पाऊल. त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. 1981 साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्तरजींचं नाव आमच्या क्षेत्राबाहेर फार थोड्यांना माहीत आहे, आणि ते वाचलं की मला बाबांचे पॅटर्न आठवतात. आमच्या भागात आजही कुठल्याही कृत्रिम पायाला लोक 'जयपूर फूट' म्हणतात. दारात येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, जयपूर फूट बसवायचा हाय." कंपनीच्या माणसाला हा शब्द आवडत नसे. "सर, ॲडव्हान्स्ड फूट म्हणायला शिकवा लोकांना," तो म्हणायचा. आणि मी शिकवलंसुद्धा.

लोक मला 'डॉक्टर' म्हणतात, त्याबद्दलही थोडं लिहायला हवं. मी डॉक्टर नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्याखाली माझी नोंदणी आहे. डॉक्टरांसाठी 2002 सालची आचारसंहिता आहे. औषध कंपन्या आणि आरोग्याशी संबंधित उद्योगांकडून भेटी, सहली, पाहुणचार घेऊ नये, असं त्यात 2009 साली कलम घातलं गेलं. 2024 साली केंद्राच्या औषधनिर्माण विभागानं वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांसाठीही विपणनाची संहिता आणली. अमेरिकेत 2010 च्या कायद्यानं कंपन्यांना डॉक्टरांना दिलेला पैसा जाहीर करावा लागतो, कोणीही नाव घालून बघू शकतं. हे सगळं मी नंतर वाचलं, रात्री बसून, कुठं तरी मला सोडवणारी ओळ सापडते का हे शोधत. पण मावशींनी ह्यातलं काहीच वाचलेलं नव्हतं. त्या 'डॉक्टर' म्हणतात तेव्हा डॉक्टरवर ठेवायचा सगळा विश्वास माझ्यावर टाकलेला असतो. तो विश्वास घ्यायचा आणि त्याच्याबरोबर येणारं बंधन मात्र माझं नाही म्हणायचं, हे मला जमणार नव्हतं.

त्या दिवशी बांधावर मी मावशींना विचारलं, "पाय सोसत नाही, शेतात चालत नाही, हे मला पाच महिने का नाही सांगितलं? फोन तरी करायचा."

त्या चिखलाचे हात पदराला पुसत म्हणाल्या, "तुमी फुकट दिलाय न्हवं? मग कसं बोलू मी?"

मी गप्प बसलो. पैसे देऊन पाय घेतलेला माणूस माझ्या टेबलावर हात आपटून भांडतो. "इथं दुखतंय, करून द्या," म्हणतो, आणि त्याच्या भांडणातून पाय सुधारतो. मोफत पाय घेतलेल्या बाईकडून हे भांडण आम्ही काढून घेतलं होतं. तिला पाऊल दिलं आणि तक्रारीचा हक्क घेतला. वर तिचा हसरा चेहरा दारावर लावला. सॉकेटही ढिलं झालं होतं. त्यात त्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरत होत्या. कंपनीच्या योजनेत पाऊल मोफत होतं, पण आकसलेल्या स्टंपसाठी नवं सॉकेट त्या योजनेत नव्हतं. कारण सॉकेटचा फोटो चांगला येत नाही. सॉकेट कुठल्या कंपनीचं नसतं.

बेळगावला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. शटर उघडायच्या आधी बॅनर उतरवला. पावसानं जड झाला होता, एकट्याला आवरेना, शेजारच्या पानवाल्यानं दुसरं टोक धरलं. त्यानं कारण विचारलं नाही, बरं झालं.

मावशींना पंधरा दिवसांत नवं सॉकेट केलं आणि खाली रबरी पाऊल लावलं. लागण तोवर संपली होती. भांगलणीला मात्र त्या उभ्यानं शेतात उतरल्या. तो फोटो मी काढला नाही.

गणेश चतुर्थीनंतर मी बिल बदललं. आता दोन भाग असतात. वर सुटे भाग, ज्या किमतीला मला पडले त्याच किमतीला, कंपनीच्या नावासकट. खाली माझी मजुरी, जी कुठलंही पाऊल लावलं तरी तेवढीच. आणि बिलाआधी एक कागद, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कुठल्या कंपनीकडून मला काय मिळतं, सूट, प्रशिक्षण, नमुने, ते त्यावर लिहिलेलं असतं. वाचता न येणाऱ्याला मी स्वतः वाचून दाखवतो. पाय मोफत असला तरी दुखला तर येऊन भांडायचं, हेही त्यावर लिहिलंय. फोटो हवा असेल तर पाय वापरून एक पावसाळा गेल्यावरच विचारायचं असं मी ठरवलंय.

हे सोपं गेलं असं लिहिलं तर खोटं होईल. पहिल्याच आठवड्यात चंदगडकडचे एक शेतकरी आले. बेळगाव त्यांना कोल्हापुरापेक्षा जवळ, पण त्यांचं कार्ड महाराष्ट्राचं, इकडच्या योजनेत बसत नाही. सीमेवरच्या माणसाचं हे नेहमीचंच, सगळा खर्च खिशातून. त्यांनी बिल बघितलं आणि मजुरीच्या ओळीवर बोट ठेवलं. "पायाचं समजलं. हे हाताचं येवडं कशाला?" मी त्यांना आत नेलं. घासायला घेतलेली प्लास्टरची प्रतिमा हातात दिली, कुठं काढायचं, कुठं भर घालायची ते दाखवलं. त्यांनी ती बराच वेळ फिरवून बघितली. मग म्हणाले, "आमच्याकडं मूर्तीवाला असंच करतोय." मजुरीतले थोडे पैसे तरीही कमी करायला लावलेच. जे मजुरी बघून उठून गेले तेही आहेत. दुसरीकडं तोच खर्च पावलाच्या किमतीत लपलेला असतो, म्हणून तिथलं बिल सरळ दिसतं. हिशेब बायको बघते. पहिले चार महिने तिनं वही मिटून ठेवली की दोघंही काही बोलायचो नाही.

कंपनीची पाटी गेली, सूट गेली, परदेशी प्रशिक्षण अर्थातच गेलं. ह्याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवणार नाही. कारण शिकवलं मला कंपन्यांनीच. पदवी घेतल्यावर बेळगावात बसून नवं शिकायचं कुठून? व्हॅक्यूम लावून सॉकेटचं लॅमिनेशन, म्हणजे कापडाच्या थरांत रेझिन मुरवणं, मला एका कंपनीच्याच तंत्रज्ञानं शिकवलं, माझ्याच वर्कशॉपमध्ये, रात्री अकरापर्यंत थांबून. मांडीपासून पाय गेलेल्यांना लागणारे नवे गुडघे मी त्यांच्याच शिबिरात पहिल्यांदा हातात घेतले. कंपनीला दारात येऊच द्यायचं नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तसं केलं तर आमचे पेशंट तीस वर्षं मागं राहतील. शिकवण्याचे पैसे कंपनीनं घ्यावेत, मी देईन. शिकवणं मोफत आणि त्याची किंमत मावशींच्या गुडघ्यावर, हे मात्र नको.

माझ्यासारखं काम करणारे चौघे-पाच जण आम्ही अधूनमधून भेटतो, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लजकडचे. दोघांनी बिल वेगळं करून बघतो म्हटलंय. एकानं स्पष्ट सांगितलं, "तुझं घर स्वतःचं आहे, माझं दुकान भाड्याचं." त्याला मी काय उत्तर देणार? तो खोटं बोलत नव्हता. सॉकेटच्या कामाचे रास्त दर सगळ्यांनी मिळून ठरवले, सरकारी योजनांच्या बिलातही मजुरीची वेगळी ओळ आली, तर त्याच्यावरचा ताण कमी होईल. तोवर एकट्यादुकट्यानं केलेलं पुरणार नाही, हे मलाही दिसतं.

परवा वितरकाचा तोच मुलगा पुन्हा आला. रुसवा नव्हता. पिशवीतून एक नवं पाऊल काढलं. पाण्यात चालणारं, गंजणारा भाग नाही, टाचेची उंची पेशंटला स्वतःच्या बोटानं कमीजास्त करता येते, म्हणजे अनवाणीही आणि चपलेतही. मी ते अर्धा तास वाकवून, उघडून, पाण्याच्या बादलीत बुडवून बघितलं. चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. "सर, पाच घ्या, एक मोफत," तो म्हणाला, आणि लगेच, "बरं, तुम्ही नाही घेणार, माहीत आहे."

मी एक घेतलं, पूर्ण किमतीला, पावती करून. मावशींना फोन लावला. हे पाऊल माझ्या पैशांचं आहे, लागणीत घालून बघा, बिघडलं तर बिघडू दे, फक्त काय होतं ते शिव्या घालून सांगायचं, असं म्हटलं.

"शिव्या?" त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "बरं. ह्या आधीच्या सॉकेटात आतल्या अंगाला टोचतंय. सांगायचं ऱ्हायलंच. कवा येऊ?"

सोमवारी या, म्हटलं. जांबोटीकडं अजून पाऊस धरलेला नाही, लागणीला तीन आठवडे तरी आहेत.